शाळेचा शेजार

आमच्या कॉलनीच्या फाटकाबाहेर कडुनिंबाखाली एक इस्त्रीची गाडी उभी असते. गेली बारा-तेरा वर्षं एक बाई तिथे सकाळी आठपासून अंधार पडेपर्यंत कोळशाची इस्त्री फिरवते. जयपुरात तिला सगळे ‘प्रेसवाली’ म्हणतात, ती मला ‘दीदी’ म्हणते. तिचं घर नाल्यापलीकडच्या कच्च्या बस्तीत आहे. गाडीपासून दोनेकशे पावलांवर एक खासगी शाळा आहे. २०१७मध्ये तिच्या मुलीला त्या शाळेत शिक्षणहक्क कायद्याच्या पंचवीस टक्क्यांतून जागा मिळाली. चार वर्षांनी धाकट्या मुलाचा अर्ज भरायला ती पुन्हा ई-मित्रच्या दुकानात गेली, तेव्हा संगणकावर बसलेल्या पोराने तिला सांगितलं, ‘वॉर्ड बदल गया है आपका.’

मधल्या काळात शहराचे वॉर्ड नव्याने आखले गेले होते. जयपुरात आधी ९१ वॉर्ड होते. २०१९मध्ये महापालिकेच्या हेरिटेज आणि ग्रेटर अशा दोन महापालिका झाल्या आणि दोहोंचे मिळून २५० वॉर्ड झाले. राजस्थानात या पंचवीस टक्क्यांच्या प्रवेशात शाळेच्या वॉर्डात राहणाऱ्या मुलांना आधी प्राधान्य, मग जागा उरल्या तर बाकीच्या शहराला, असा क्रम असतो. नवी हद्द नाल्यावरून गेली होती. लॉटरीत मुलाचा वरीयता क्रमांक इतका मागे लागला, की पुढे विचारायलाच नको.

त्या संध्याकाळी कपडे घ्यायला गेले तेव्हा ती म्हणाली, ‘घर तिथेच आहे, शाळा तिथेच आहे, मी तर दिवसभर शाळेसमोरच उभी असते. मग दीदी, लांब गेलं कोण?’

मला उत्तर सुचलं नाही. पण तिने विचारलेलाच प्रश्न मी त्या आठवड्यात घरी बसून दुसऱ्या रूपात सोडवत होते. मी भाषांतरं करते. शिक्षणावरच्या काही इंग्रजी लेखांचा मराठी अनुवाद हातात होता. त्यात एक लेख अमेरिकेतल्या बॉस्टन शहरातल्या १९७४च्या दंगलींवर होता, आणि दुसरा होता आपल्याकडच्या १९६४-६६च्या शिक्षण आयोगावर, ज्याला आपण कोठारी आयोग म्हणतो. दोन्ही लेखांत एकच शब्द पुन्हापुन्हा येत होता: नेबरहुड स्कूल. कोठारी आयोगाच्या अहवालात हा शब्द साहेबाचं पोर आणि शिपायाचं पोर एका बाकावर बसावं म्हणून आला होता. बॉस्टनमध्ये तोच शब्द गोऱ्या वस्त्यांनी काळी मुलं आपल्या शाळेत येऊ नयेत म्हणून घोषणेसारखा वापरला होता. दोन्ही गोष्टी आठेक वर्षांच्या अंतराने घडल्या होत्या. दोन्हीकडे ‘शेजारशाळा’ असं लिहून पुढे जाणं मला जमेना.

मराठीत शेजाराला शब्दांची कमतरता नाही. आळी आहे, पेठ आहे, वाडी आहे, वस्ती आहे, पंचक्रोशी आहे. पण यातला एकही शब्द नुसतं अंतर सांगत नाही. आळी म्हटलं की कोणाची, हे विचारावंच लागतं: कासारांची, तांबटांची, ब्राह्मणांची. ‘वस्ती’ला गेल्या काही दशकांत गरिबीचा वास चिकटला आहे. पंचक्रोशीत अख्खं गाव येतं, पण गावकुसाबाहेरचे त्यात धरायचे की नाही, ते बोलणाऱ्यावर. हिंदीत शिक्षणहक्क कायद्याने यातून अंग काढून घेतलं आणि ‘आसपास का विद्यालय’ असं लिहिलं. आसपास म्हणजे किती आणि कोणाच्या, हे मात्र नियमांवर सोडलं.

मी ज्या शहरात राहते, तिथे हा प्रश्न तीनशे वर्षांपूर्वी पट्टीने आखून सोडवला गेला होता. १७२७मध्ये सवाई जयसिंहांनी जयपूर वसवलं. नकाशा विद्याधर भट्टाचार्यांचा. सरळ काटकोनी रस्ते आणि त्यांतून पडलेल्या चौकड्या: पुरानी बस्ती, तोपखाना देश, मोदीखाना, विश्वेश्वरजी, घाट दरवाजा, रामचंद्रजी, गंगापोल. आतल्या गल्ल्यांना ‘रास्ता’ म्हणतात आणि त्यांची नावं अजून धंद्यांवरूनच आहेत. ठठेरों का रास्ता हा तांब्या-पितळेची भांडी घडवणाऱ्यांचा, मनिहारों का रास्ता हा लाखेच्या बांगड्या करणाऱ्यांचा. विद्वान ब्राह्मणांची वस्ती उत्तरेला तटाबाहेर, ब्रह्मपुरीत. जयसिंहांचे गुरू रत्नाकर पौंडरिक महाराष्ट्रीय होते. ब्रह्मपुरीतली पुंडरिकांची हवेली तिच्या भित्तिचित्रांसाठी आजही जपलेली आहे. त्यांच्याच दरबारातले जगन्नाथ सम्राट यांनी युक्लिडची भूमिती अरबीतून संस्कृतात आणली आणि तिला नाव दिलं ‘रेखागणित’. जयपुरातले आम्ही मराठी भाषांतरकार त्यांना आपले मूळ पुरुष मानून थोडं मिरवून घेतो. पण रेषांचं शास्त्र आणि रेषांनी आखलेलं शहर या दोन्ही गोष्टी एकाच राजाच्या पदरी घडल्या, हेही विसरता येत नाही.

अशा शहरात ‘जवळची शाळा’ म्हणजे त्या त्या गल्लीची शाळा, आणि गल्लीची शाळा म्हणजे जातीची आणि धंद्याची शाळा. १८४४मध्ये महाराजा रामसिंहांच्या काळात इथे नव्या पद्धतीची जी शाळा निघाली, जिचं पुढे महाराजा कॉलेज झालं, ती निदान एका चौकडीपुरती नव्हती. पण वरच्या थराने जवळ-लांबचा हिशेब कधी केलाच नाही. १८७५मध्ये अजमेरला मेयो कॉलेज सुरू झालं. राजपुत्रांसाठी. प्रत्येक संस्थानाने तिथे आपापल्या मुलांना राहायला स्वतंत्र वसतिगृह बांधलं. जयपूरहून अजमेर सव्वाशे-दीडशे किलोमीटर. घराजवळ शाळा असावी ही गरज त्या मुलांच्या बाबतीत कोणाला वाटली नाही. घोडे होते, नोकर होते आणि पुढे रेल्वे आली.

आमच्या महाराष्ट्रातला इतिहास वेगळ्या टोकापासून सुरू होतो. तिथे शाळा लांब आहे ही तक्रार नंतरची. पहिली तक्रार अशी, की शाळा समोर आहे आणि दार बंद आहे.

१८४८मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली ती पुण्यात बुधवार पेठेत, भिडे वाड्यात. जागेचा अर्थ त्या दोघांना नीट ठाऊक होता. पुढच्या तीन-चार वर्षांत रास्ता पेठेत आणि वेताळ पेठेतही त्यांच्या शाळा निघाल्या. मुली दूर जाणार नाहीत, अस्पृश्यांच्या मुलांना दुसऱ्या पेठेत कोणी बसू देणार नाही, तेव्हा शाळेने पेठेत जावं, असा तो सरळ व्यवहार होता.

१८५६च्या जूनमध्ये धारवाडला एक महार मुलगा सरकारी शाळेत प्रवेश मागायला गेला. फी भरायची त्याची तयारी होती. प्रवेश नाकारला गेला आणि त्याने थेट मुंबई सरकारकडे अर्ज केला. सरकारने जे उत्तर शोधलं ते आजच्या शिक्षणखात्याच्या भाषेतही शोभेल: एका मुलासाठी दार उघडलं तर बाकीची सगळी निघून जातील आणि शाळाच निरुपयोगी होईल. प्रकरण कलकत्त्याला आणि तिथून लंडनला गेलं. सरकारी शाळा सर्व वर्गांसाठी आहेत, हे तत्त्व कंपनीच्या संचालकांनी १८५८मध्ये मान्य केलं. पुढे डॉ. आंबेडकरांनी या मुलाच्या अर्जाची आठवण आपल्या लेखनात जागी ठेवली. तो मुलगा धारवाडचाच होता. अंतर त्याच्या आड आलं नव्हतं.

१८८२मध्ये हंटर आयोगापुढे साक्ष देताना फुल्यांनी मागितलं ते आज वाचताना थोडं थबकायला होतं. जिथे महार-मांगांची संख्या मोठी आहे, तिथे त्यांच्यासाठी वेगळ्या शाळा असाव्यात, कारण जातीच्या पूर्वग्रहामुळे त्यांना बाकीच्या शाळांत प्रत्यक्षात बसूच दिलं जात नाही. समतेचा एवढा मोठा पुरस्कर्ता वेगळी शाळा मागतो, कारण नियमाने उघडी आणि व्यवहारात बंद अशी शाळा त्याने जवळून पाहिली आहे. माझ्या-तुमच्या सोयीसाठी इतिहास सरळ रेषेत चालत नाही. आपल्याच वस्तीतली, आपल्याच लोकांची शाळा ही कोणासाठी भिंत असते आणि कोणासाठी आडोसा.

हा आडोसा मोडायची वेळ कोल्हापुरात आली. १९१७मध्ये शाहू महाराजांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. दोन वर्षांनी, १९१९मध्ये, त्यांनी अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सर्वसाधारण सरकारी शाळांत घेण्याचा हुकूम काढला. क्रम महत्त्वाचा आहे. आधी प्रत्येकाला शाळा, मग एकच शाळा. आणि दोन्ही वेळा हुकूम होता, सवलत नव्हती. पालकाला निवड दिली असती तर काय झालं असतं, हे धारवाडने साठ वर्षांपूर्वीच दाखवलं होतं.

शाहूंचे हे हुकूम निघाले तेव्हा आजच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या आजरा तालुक्यात, बहिरेवाडी गावात जन्मलेला एक मुलगा दहा-बारा वर्षांचा होता. तोच पुढे जे. पी. नाईक म्हणून शिक्षणक्षेत्रात ओळखला गेला. गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता आणि कोठारी आयोगाचे ते सदस्य-सचिव होते. आयोगाचे अध्यक्ष दौलतसिंह कोठारी पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक, मूळचे उदयपूरचे. म्हणजे शेजारशाळेची कल्पना भारताच्या सरकारी दप्तरात ज्या अहवालाने आणली, त्याचा अध्यक्ष राजस्थानचा आणि सचिव कोल्हापूरकडचा. मला हे फार उशिरा कळलं, आणि कळल्यावर उगीच आपलं काहीतरी हरवलेलं सापडल्यासारखं वाटलं.

जून १९६६मध्ये सादर झालेल्या त्या अहवालातला युक्तिवाद दोन पायांवर उभा आहे. पहिला पाय मुलाचा. सामान्य माणसांच्या जगण्यात वाटेकरी होणं हाच चांगल्या शिक्षणाचा भाग आहे, तेव्हा श्रीमंताच्या मुलाला वेगळं ठेवलं तर त्याचंही शिक्षण अपुरं राहतं. दुसरा पाय जास्त व्यवहारी. वजनदार लोकांची मुलं सरकारी शाळेत आली, तरच ते लोक सरकारी शाळेकडे लक्ष देतील. छप्पर गळतं, मास्तर येत नाहीत, या गोष्टी कलेक्टरच्या मुलाच्या वर्गात फार दिवस चालत नाहीत. म्हणून परिसरातल्या सगळ्या मुलांनी, जात, धर्म, पैसा, दर्जा न पाहता, परिसरातल्याच शाळेत जायचं. आयोगाला हे एका रात्रीत होईल असं वाटत नव्हतं. त्याने वीस वर्षांचा कार्यक्रम सुचवला होता: आधी सगळ्या प्राथमिक शाळा किमान पातळीवर आणायच्या, आणि जिथे लोकमत अनुकूल आहे तिथे शेजारशाळेचा प्रयोग सुरू करायचा.

या कल्पनेत ‘जवळ’ हा शब्द कोणाला बांधत होता, ते नीट पाहायला हवं. गरिबाचं पोर तसंही जवळच्याच शाळेत जात होतं. बांधलं जाणार होतं ते श्रीमंताचं पोर. रेघ त्याच्यासाठी होती.

१९६७मध्ये खासदारांच्या समितीने ही कल्पना उचलून धरली. १९६८चं राष्ट्रीय शिक्षण धोरण आलं त्यात समान शाळापद्धतीचा पुरस्कार राहिला, पण शेजाराचा आग्रह मागे पडला. त्याऐवजी ‘पब्लिक स्कूल’ नावाच्या महागड्या शाळांनी गुणवत्तेवर प्रवेश द्यावा आणि ठरावीक प्रमाणात फुकट जागा ठेवाव्यात, असं कलम आलं. म्हणजे सगळ्यांना एका शाळेत आणण्याऐवजी काहींना त्यांच्या शाळेत नेण्याची वाट. माझ्या प्रेसवालीच्या हातातल्या अर्जाचं बी इथे पडलं, असं मला वाटतं.

आता बॉस्टन. तिथे प्रत्येक वस्तीची शाळा त्या वस्तीची, हा नियम वरवर निरागस होता. पण काळ्यांची वस्ती रॉक्सबरीत आणि आयरिश गोऱ्या कामगारांची साऊथ बॉस्टनमध्ये असल्यामुळे शाळाही काळ्या आणि गोऱ्या झाल्या होत्या. जून १९७४मध्ये संघराज्य न्यायालयाच्या न्यायाधीशाने मुलांना बसने एकमेकांच्या वस्तीतल्या शाळांत पाठवायचा आदेश दिला. त्या शरदात काळ्या मुलांच्या बसवर दगड पडले. ‘आमची शेजारशाळा वाचवा’ ही तेव्हाची मागणी.

इथपर्यंत गोष्ट सोपी वाटते: एका बाजूला वंशद्वेष, दुसऱ्या बाजूला न्याय. पण त्याच वर्षी, जुलैमध्ये, डेट्रॉइटच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा निकालाने सांगितलं, की शहराबाहेरच्या उपनगरांना या मिसळण्यात ओढता येणार नाही. त्यांच्या शाळामंडळाची हद्द वेगळी, आणि त्यांनी भेदभाव केला हे सिद्ध झालेलं नाही. परिणाम असा, की ज्यांच्याकडे उपनगरात घर घ्यायचे पैसे होते ते रेषेबाहेर सुरक्षित राहिले, आणि बसमध्ये बसली ती शहरातली गरीब काळी मुलं आणि गरीब गोरी मुलं. मिसळण्याचा सगळा भार ज्यांच्याकडे सर्वांत कमी होतं त्यांच्यात वाटला गेला. म्हणजे रेघ वस्तीभोवती असो की शहराभोवती, तिच्याबाहेर निघायची वाट कोणाकडे आहे, यावर सगळं ठरतं.

हे वाचून मी पुन्हा आपल्या कायद्याकडे वळले. शिक्षणहक्क कायदा २००९चा, अंमल १ एप्रिल २०१०पासून. सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक मुलाला आसपासच्या शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क. केंद्राच्या नियमांनी आसपास म्हणजे काय ते सांगितलं: पाचवीपर्यंत एक किलोमीटर, सहावी ते आठवी तीन किलोमीटर. पहिल्यांदाच अंतर हे सरकारवरचं बंधन झालं, आणि ही गोष्ट लहान नाही. कायद्याच्या बाराव्या कलमाने खासगी विनाअनुदानित शाळांना पंचवीस टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांतल्या, परिसरातल्या मुलांसाठी ठेवायला सांगितल्या. याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात जो मुख्य खटला झाला तो राजस्थानातल्याच विनाअनुदानित शाळांच्या संस्थेच्या नावाने ओळखला जातो. १२ एप्रिल २०१२ रोजी तीन न्यायाधीशांच्या पीठाने दोन विरुद्ध एक अशा बहुमताने ही तरतूद वैध ठरवली. अल्पसंख्याकांच्या विनाअनुदानित शाळांना तेवढी सूट मिळाली.

भाषांतरकाराच्या सवयीने मी ते कलम शब्द-शब्द वाचलं. ‘परिसरातल्या’ हे विशेषण फक्त पंचवीस टक्क्यांतल्या मुलांना लागलेलं आहे. उरलेल्या पंचाहत्तर टक्क्यांना कायदा कुठे राहता हे विचारत नाही. कोठारी-नाईकांच्या अहवालात श्रीमंताला बांधणारा शब्द कायद्यात येईपर्यंत गरिबाला बांधणारा झाला. शब्द तोच, फक्त तो वाक्यात दुसऱ्या नामाशेजारी जाऊन बसला.

मग वॉर्डाचं प्राधान्य काढून टाकावं का? सगळं शहर एकाच लॉटरीत घालावं? मी काही महिने या मताची होते. इस्त्रीच्या गाडीजवळच त्याला छेद गेला. प्रेसवालीची मुलगी ज्या शाळेत होती, तिथे शाळेची फी सरकार भरत होतं, पण प्रतिपूर्ती फीची होते, व्हॅनच्या भाड्याची नाही. मुलगी पायी जात होती म्हणून शाळा टिकली. ताप आला तर आई इस्त्री बाजूला ठेवून दोन मिनिटांत फाटकाशी पोचत होती. वर्गशिक्षिकेचे कपडे हिच्याच गाडीवर यायचे, त्यामुळे चौकशी व्हायची. पावसाळ्यात नाल्याला पाणी आलं की मुलगी गाडीखाली बसून गृहपाठ करायची. शेजाराचं खरं भांडवल ते हेच. जयपुरातल्या अनेक मोठ्या नामांकित शाळा आता टोंक रोड, अजमेर रोड, जगतपुऱ्याच्या बाजूला, शहराच्या कडेला गेल्या आहेत. तिथे शहरभरच्या लॉटरीत नंबर लागला तरी सहा वर्षांच्या मुलाला रोज तिथवर कोण नेणार? उघडं दार आणि पोचता न येणारं दार यांत गरिबाला फारसा फरक पडत नाही.

पण उलट बाजूही तितकीच खरी आहे. परकोट्याच्या आतल्या दाट वॉर्डांत शाळा एका मजल्यावरच्या, चार खोल्यांच्या. तिथल्या मुलांना आधी तिथेच प्राधान्य द्यायचं म्हणजे त्यांना त्यांच्या गल्लीत परत पाठवायचं. आणि ज्या वॉर्डात बंगलेच बंगले, तिथल्या चांगल्या शाळेला गरीब शेजारीच नाहीत. मग वॉर्डाचं प्राधान्य ही त्या शाळेची ढाल होते. शहर तीनशे वर्षांपूर्वी धंद्याने आखलं गेलं, आता ते जमिनीच्या भावाने आखलं जातं, आणि प्रवेशाचा नियम त्या रेघांवर आपलं बोट फिरवतो.

सरकारी शाळांतही हाच पेच २०१९नंतर आला. राजस्थान सरकारने महात्मा गांधी राजकीय विद्यालय या नावाने इंग्रजी माध्यमाच्या सरकारी शाळा सुरू केल्या. पहिल्या वर्षी ३३ जिल्ह्यांत एकेक, जयपुरात मानसरोवरमध्ये. अर्ज जागांहून जास्त, म्हणून लॉटरी. सरकारी शाळेत प्रवेश मिळावा म्हणून मध्यमवर्गीय पालक रांगेत उभे राहिलेले इथे फार वर्षांनी दिसले, आणि ते पाहून मला नाईकांच्या दुसऱ्या पायाची आठवण झाली: वजनदार लोक सरकारी शाळेकडे परत येत होते. पण या शाळा बहुतेक ठिकाणी नव्या बांधल्या नव्हत्या. चालू हिंदी माध्यमाच्या शाळांचं रूपांतर केलं होतं. ज्या मुलांना हिंदीतच शिकायचं होतं, त्यांना जवळच्या दुसऱ्या शाळेत जायला सांगितलं गेलं. पुढच्या वर्षांत या शाळांची संख्या हजारांत गेली तशी अनेक गावांतून याला विरोधही झाला: आमच्या शाळेचा फलक बदलला, आता आमच्या पोरांनी दुसऱ्या गावाला का चालायचं? डिसेंबर २०२३मध्ये सरकार बदललं आणि या शाळांचा पुनर्विचार सुरू झाला. एकाच निर्णयाने शाळा काहींना पहिल्यांदा जवळ आली आणि काहींपासून लांब गेली.

मग २०२४ साली माझ्या माहेरच्या राज्यातून बातमी आली. ९ फेब्रुवारीला महाराष्ट्र सरकारने नियम बदलले: ज्या खासगी विनाअनुदानित शाळेच्या एक किलोमीटर परिसरात सरकारी किंवा अनुदानित शाळा आहे, तिला पंचवीस टक्क्यांची सक्ती नाही. कारण गरीब मुलाला त्याची जवळची शाळा आहेच ना. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत एक किलोमीटरवर सरकारी किंवा अनुदानित शाळा नाही अशी जागा शोधावी लागेल. म्हणजे पंचवीस टक्के कागदावर राहिले असते. पालक आणि संघटना न्यायालयात गेल्या. मुंबई उच्च न्यायालयाने ६ मे रोजी स्थगिती दिली, १९ जुलैला ती दुरुस्ती रद्दच केली, आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो निकाल कायम ठेवला.

त्या दुरुस्तीत ‘शेजार’ या शब्दाचा प्रवास पूर्ण झाला होता. १९६६मध्ये एका मराठी माणसाने लिहायला मदत केलेल्या अहवालात जवळची शाळा ही एकत्र येण्याची जागा होती. २०२४च्या मराठी राज्याच्या राजपत्रात जवळची शाळा हे ‘इकडे येऊ नका’ म्हणण्याचं कारण झालं. बॉस्टनमधल्या घोषणेचं इतकं बिनचूक भाषांतर मला जमलं नसतं.

म्हणून वॉर्ड की शहर हा वाद मला आता अर्धाच वाटतो. दोन्ही नियम मांडणारे आपापल्या परीने बरोबर असतात, आणि दोघेही फक्त गरिबाच्या घरापासून पट्टी लावतात. लहान मुलाला चालत जाता येईल अशा शाळेचं प्राधान्य असावं, पण हद्द ठरवताना नगरसेवकाच्या निवडणुकीसाठी आखलेली रेघ उचलू नये. प्रत्यक्ष चालायचं अंतर धरावं, आणि आई-बाप जिथे दिवसभर राबतात तो पत्ताही धरावा. ज्या शाळेला गरीब शेजारीच नाहीत तिने आपली बस पाठवावी. आणि पट्टी एकदा तरी दुसऱ्या बाजूने लावून पाहावी.

ती दुसरी बाजू म्हणजे माझं घर. माझी मुलगी पहिलीपासून अकरा किलोमीटरवरच्या शाळेत जाते. पिवळी बस सकाळी सव्वासहाला, इस्त्रीची गाडी लागायच्या आधी, फाटकाशी येते. प्रवेशाच्या वेळी आम्हाला वॉर्ड कोणी विचारला नाही. कॉलनीतल्या सरकारी शाळेत मी तोपर्यंत फक्त मतदानाला गेले होते. नाईकांचा युक्तिवाद मराठीत उतरवताना मी ‘वजनदार लोक’ असं लिहिलं, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर मंत्री आणि कलेक्टर होते. दुसऱ्या वाचनात ते वाक्य मी जरा जास्त वेळ पाहत बसले.

अनुवादात शेवटी मी असं केलं: कोठारी आयोगासाठी ‘शेजारशाळा’ ठेवली, आणि बॉस्टनसाठी ‘आपल्या आळीची शाळा’. संपादकांनी समासात विचारलं, मूळ शब्द एकच असताना दोन का? मी त्यांना लिहिलं, की एका ठिकाणी शेजारी कोण हे अजून ठरायचं आहे आणि दुसऱ्या ठिकाणी ते आधीच ठरलेलं आहे. त्यांनी ते तसंच राहू दिलं.

प्रेसवालीचा मुलगा नाल्यापलीकडच्या सरकारी शाळेत जातो. ती त्याच्या वॉर्डात आहे. शाळा सुटली की तो नाला ओलांडून आईकडे येतो, आणि बहीण समोरच्या फाटकातून बाहेर येईपर्यंत कडुनिंबाखाली दप्तर घेऊन बसतो. परवा त्याने मला विचारलं, ‘आंटी, आपका वॉर्ड कौन-सा है?’ मला आठवेना. घरी येऊन विजेच्या बिलावर शोधलं, तिथेही नव्हतं.